गुडघ्याएवढा उजेड

१

उसाचा हंगाम सुरू झाला तशी विश्वजितला कारखान्यात रात्रपाळी लागली आणि आबांना डायलिसिसला न्यायचं काम त्याच्या बायकोकडं, पूर्णिमाकडं आलं. वारणानगरच्या कॉलनीतून निघायचं आणि कोल्हापुरात राजारामपुरीतला दवाखाना गाठायचा, आठवड्यातून तीनदा. डायलिसिसची पहिली पाळी मिळालेली, त्यामुळं उजाडायच्या आतच गाडी दारातून हलायला हवी.

गाडी तिला येत होती, पण ती उन्हातली. बाजारला जाऊन येण्याएवढी. अंधारात आणि धुक्यात तिनं कधी चालवली नव्हती.

आबा म्हणजे तिचे सासरे, गणपतराव. उभी हयात एसटीची बस चालवण्यात गेलेली. आता मूत्रपिंडं थकली होती, पाय सुजून खांबासारखे झाले होते, पण गाडीत बसले की पाठ अजून ताठ व्हायची. पहिल्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सुनेला दारातल्या गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसून शिकवणी घेतली.

"ह्यो उजव्या हाताचा दांडा. ह्येचं टोक फिरव. येक टक केलीस की बारकं दिवं. दुसरं टक, हेडलाइट."

समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल उमटले.

"आता दांडा पुढं ढकल. ह्यो अप्पर. मागं वड. ह्यो डिप्पर. धुक्यात अप्पर मारायचा न्हाय, ध्यानात ठेव. उजेड धुक्यावर आपटतोय आन् माघारी आपल्याच डोळ्यात येतोय. पुढं नुसती पांढरी भिंत."

"मग धुक्यात लावायचं काय?"

"डिप्पर आन् फॉग. मधली कडी फिरव की."

तिनं कडी फिरवली. बम्परच्या खालून पिवळट उजेड फरशीवर सांडला. समोरच्या काट्यांजवळ एक हिरवं चिन्ह पेटलं. दिव्यातून निघालेल्या तिरप्या रेघा आणि त्यांना कापत गेलेली एक नागमोडी रेघ.

"ही वाकडी रेघ म्हंजे धुकं," आबा म्हणाले. "फॉगचा दिवा खाली का बसवलाय म्हाईत हाय? धुकं भुईला टेकत न्हाय पोरी. गुडघ्याएवढी जागा सोडून वर तरंगतंय. ह्यो उजेड त्या फटीतनं जातोय. वरचं काय दिसत न्हाय, पर खालचं समदं दिसतंय."

"आणि हे पिवळं चिन्ह?"

"त्यो मागचा फॉग. लाल. मागच्याला आपुन दिसावं म्हणून. धुकं सरलं की बंद करायचा, न्हायतर मागचा आईबापाचा उद्धार करतोय."

पूर्णिमानं सगळं दोनदा करून बघितलं. दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. रीडिंग एकदा घेऊन तिचं समाधान कधीच व्हायचं नाही.

२

पहिले काही दिवस नुसती थंडी होती. मार्गशीर्ष लागला तसं वारणेकडून धुकं चढायला लागलं. पारगाव मागं पडलं की दोन्ही बाजूला ऊस. रात्रभर तो पट्टा धुकं साठवायचा आणि पहाटे रस्त्यावर सोडून द्यायचा.

त्या पहाटे आबा मान टेकून डोळे मिटून बसले होते. पूर्णिमानं कडी फिरवली. आबा म्हणाले होते तसंच झालं. वर पांढरं काहूर आणि खाली डांबराचा ओला, पिवळा पट्टा.

त्या पट्ट्याच्या पार टोकाला दोन टाचा चालल्या होत्या.

उघड्या, भेगाळलेल्या, ओल्या. एक उचलली जायची, दुसरी टेकायची. टाचांच्या वर पिंढऱ्या आणि पिंढऱ्यांच्या वर धुकं.

तिनं ब्रेक दाबला. आबांची मान पुढं आली.

"काय झालं?"

"कुणीतरी चाललंय पुढं. अगदी रस्त्याच्या मधनं."

आबा वाकून काचेतून बघत राहिले.

"चल," शेवटी म्हणाले. "दमानं चल."

"आबा, माणूस आहे."

"चल म्हणतोय न्हवं!"

तिनं गाडी सोडली. टाचा पुढं सरकल्या. तिनं जरा वेग घेतला. काटा चाळीसकडं गेला, तरी टाचा तेवढ्याच लांब. आणि त्यांना घाई नव्हती. शेतावर निघालेला माणूस चालतो तशा निवांत त्या उचलत होत्या, टेकत होत्या. न राहवून तिनं दांडा पुढं ढकलला. अप्परच्या उजेडात धुक्याची भिंत डोळ्यांवर आली. माणूस असता तर त्या भिंतीवर निदान काळी सावली पडली असती. काही नव्हतं. पुन्हा डिप्पर केला. पुन्हा टाचा.

हायवे जवळ आला, धुकं विरळ झालं आणि रस्ता मोकळा दिसला. आबांनी मान मागं टेकली, पण त्यानंतर ते झोपले नाहीत.

३

रस्ता ओला होता. ओल्या डांबरावर उजेड चमकतो. डोळ्यांना झोप कमी होती. ही कारणं तिनं स्वतःला दिली आणि ती वाईट नव्हती. रविवारी तिनं विश्वजितकडून दोन्ही फॉगचे दिवे पुसून घेतले आणि भिंतीसमोर गाडी लावून उजेड तपासला. काचेला तडा नव्हता की आत पाणी नव्हतं.

"ऊसतोडीचा माणूस आसंल," विश्वजित म्हणाला. "पहाटंच टोळ्या निघत्यात."

"गाडीच्या वेगानं चालणारा?"

तो हसला. "तुझी झोप हुईना झालीया. थोडं दिवस कळ काढ, माझी पाळी बदलली की मी नेतो."

पुढच्या फेरीला तिनं प्रयोगशाळेतल्यासारखंच केलं. फॉग बंद केला, टाचा नाहीत. लावला, आहेत. बंद केला, नाहीत. पण बंद केल्यावर जे व्हायचं ते जास्त वाईट होतं. दिसत नव्हत्या तरी त्या तिथं आहेत हे तिला माहीत होतं, आणि किती जवळ आहेत हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून तिनं पुन्हा कडी फिरवली.

"बंद कर त्यो," आबा म्हणाले.

"तुम्हीच सांगितलंत धुक्यात फॉग लावायचा म्हणून."

आबांनी गुडघ्यांवरची शाल घट्ट धरली होती. "पोरी, तुला टाचा दिसत्यात का बोटं?"

आबांनाही दिसतंय, हे तिला तेव्हा कळलं.

"टाचा," ती म्हणाली.

"मंग बरं हाय." त्यांनी श्वास सोडला. "मंग त्येला त्येच्या वाटंनं जाऊ दे."

कोण तो, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी आबांना सांगता आलं असतं असं तिला वाटलं नाही. त्यांच्या तोंडावर ठाऊक असलेल्या माणसाची कळा नव्हती. भ्यालेल्या माणसाची होती.

त्यापुढच्या फेरीला पारगाव ओलांडल्यावर तिनं कडी फिरवली, आणि उजेडाच्या टोकाला बोटं होती.

गाडीकडं वळलेली. पाय गाडीकडं तोंड करून मागं मागं चालले होते. अंतर तेवढंच, चाल तीच. पूर्णिमानं डाव्या बाजूला बघितलं. आबांनी डोळे गच्च मिटले होते.

४

संक्रांतीच्या आसपासची ती पहाट. असं धुकं तिनं जन्मात बघितलं नव्हतं. आज गुडघ्याएवढी फटही नव्हती, जेमतेम वीतभर उजेड भुईवरून सरपटत होता. पाय मात्र कुठं दिसत नव्हते. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यातच तिचं लक्ष ढळलं.

उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं दिवा नाही, लाल कापडाची चिंधीसुद्धा नाही. आबा ओरडले तेव्हा उसाच्या मोळ्या काचेला टेकायच्या बेतात होत्या. कसाबसा ब्रेक लागला.

"ड्रायव्हर सोडून गेलाय वाटतं," आबा म्हणाले. "मागचा फॉग लाव आधी, कोण मागनं यिऊन धडकंल. आता वळसा घालून जा."

ती वळसा घालून पुढं गेली, आणि रस्ता हरवला. चाकाखाली डांबर आहे की शेताची कड, काही कळेना. एका बाजूला पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता, पण कुठल्या बाजूला तेही कळेना. आरशात मागचं धुकं लाल झालेलं.

"थांब," आबा म्हणाले. "मी उतरतो. माझ्या पायामागनं ये."

"आबा, नको. तुमच्या पायांनी कसं—"

"अगं, गगनबावड्याच्या घाटात कंडक्टर आसाच पुढं चालायचा आन् त्येच्या पायावर आख्खी गाडी आणायचो. पाटात पडून मरायचंय काय दोघांनी?"

दार उघडलं, गार धुकं आत आलं, दार लागलं. क्षणभर काही नाही. मग उजेडाच्या कडेतून आबांचे पाय आले. सुजलेले, तपकिरी चपला, डावा पाय जरा फरफटत. पूर्णिमानं क्लच हळूच सोडला. टाच उचलली की ती पुढं जायची, टाच टेकली की थांबायची. आठवड्याआठवड्यानं वाढत गेलेली तिची भीती त्या फरफटत्या चपलेकडं बघून उतरत चालली.

मग चपलांच्या शेजारी उघडे पाय आले.

दोघं बरोबरीनं चालत होते. जोडीदार चालतात तसे. पूर्णिमानं हॉर्न वाजवला. चपला थांबल्या. उघडे पायही थांबले आणि सावकाश आबांकडं वळले. चपलाही त्यांच्याकडं वळल्या आणि बोटं बोटांना भिडली. तिनं पुन्हा हॉर्नकडं हात नेला, तो दांड्यावर बसला आणि अप्पर लागला. सगळं पांढरं झालं. चाचपडत तिनं दांडा मागं ओढला तोवर उजेडात कुणी नव्हतं.

डावं दार उघडलं. आबा आत बसले. शालीवर दवाचे थेंब होते.

"चल. रस्ता सापडला."

"आबा! तुमच्या शेजारी कोण होतं?"

"कुणी नाही."

तिनं गिअर टाकला, गाडी हलली, आणि मग तिच्या कानानं तो शब्द पुन्हा ऐकला. नाही. आबांच्या तोंडून तिनं आजवर 'न्हाय' सोडून दुसरं ऐकलं नव्हतं.

समोर पिवळ्या उजेडात तपकिरी चपला चालल्या होत्या. सुजलेले पाय, डावा फरफटत.

तिला ओरडता आलं नाही. मान वळवताही आली नाही. डाव्या बाजूनं एक हात आला, तिच्या मांडीवरून, स्टिअरिंगखालून पार उजवीकडं गेला आणि त्यानं दांड्यावरची मधली कडी फिरवली.

"आता फॉगची गरज नाही," शेजारचा आवाज म्हणाला.

५

दवाखान्यात आधी वजन करतात, अंगात किती पाणी साठलंय ते कळायला. तिथली तंत्रज्ञ मोना आबांना ओळखत होती, त्यांच्या शिव्याही तिला सवयीच्या होत्या.

"काका, आज पाणी चढलंच नाही की अंगात! आणि पायाची सूज कुठं गेली? अन् चप्पल?"

"गाडीत राहिली," ते म्हणाले.

पूर्णिमा खाली जाऊन गाडीत बघून आली. चप्पल नव्हती. पायपुसणं मात्र ओलं होतं, आणि त्यावर उसाच्या शेतातली काळी माती.

डॉक्टरांनी तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या. रिपोर्ट चांगले आले. त्यांनी पुन्हा करायला सांगितल्या, आणखी चांगले आले. मग त्यांनी फेऱ्या कमी केल्या. असं फार क्वचित होतं, नशीबवान आहात, असं म्हणाले.

विश्वजितनं पेढे आणले. बापाच्या गळ्यात पडून तो रडला, आणि बापानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, जरा उशिरानं, कुणी सांगितल्यासारखा. पूर्णिमा दारात उभी राहून बघत होती. आजारातून उठलेला माणूस थोडा बदलतोच, ती स्वतःला म्हणाली. पण तिच्या मनानं ते रीडिंग घेतलं नाही.

घरातली एकच गोष्ट हलली. तिच्या सासूबाईंनी, शालूबाईंनी, आपलं अंथरूण स्वयंपाकघरात आणलं.

"आत्ती, इथं फरशी गार असते," पूर्णिमा म्हणाली.

"आसू दे. मी हितंच पडतो." शालूबाई भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. पलीकडच्या खोलीत पलंगाचा आवाज नव्हता, कूस बदलल्याचा नव्हता, खोकल्याचाही नव्हता. आबा रात्रभर खोकायचे. मग शालूबाई हळूच म्हणाल्या, "पूर्णिमा, ह्यास्नी कुठनं आणलंस गं?"



६

एका पहाटे ती एकटीच निघाली. घरात कुणाला सांगितलं नाही. पारगाव ओलांडलं, धुकं अंगावर आलं, तिनं कडी फिरवली.

आबांचे पाय होते. तिच्यासमोर, नेहमीच्या अंतरावर. उजवी चप्पल पूर्ण झिजून गेली होती, डाव्या पायात चप्पल उरली नव्हती. सूज एवढी वाढली होती की घोट्याचं हाड दिसत नव्हतं. तरी ते चालत होते. पाणी काढायला त्यांना कुणी कुठं नेत नव्हतं, हे तिच्या मनात आलं.

तिनं गाडी थांबवली, दिवे तसेच ठेवले आणि खाली उतरली.

बाहेरून गाडीचे दिवे नुसते दोन पिवळे डाग होते. हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. फक्त आवाज येत होता. फर्र, टप. फर्र, टप.

"आबा!"

आवाज थांबला.

"आबा, मी आले आहे. इकडं या. गाडी इथं आहे."

ती पुढं झाली. पायाखालचं डांबर संपून माती लागली. डावीकडून उसाची पाती सळसळली, वारा नसताना. तिच्या अगदी जवळ कुणीतरी उघड्या पावलांनी चिखलात पाय टेकला आणि काढला. मग दुसरीकडं आणखी कुणी. मग मागंही. एकदोघं नव्हते ते.

"पोरी." लांबून आवाज आला, थकलेला, पण एसटीच्या खिडकीतून ओरडायचे तसाच दरडावणारा. "खाली कशाला उतरलीस? माघारी फिर. गाडीत बस आन् दार लाव. बस म्हणतोय न्हवं!"

ती पळाली. दार ओढून घेतलं. काचेपलीकडं नुसतं धुकं. गाडी वळवताना फॉगचा उजेड रस्त्याच्या कडेवरून फिरला, आणि त्या वीतभर उजेडात, उसाच्या बांधाला लागून, तिला पाय दिसले. बायकांचे, पुरुषांचे, एक अगदी लहान. सगळ्यांची बोटं रस्त्याकडं.

घरी आली तेव्हा घरातले आबा पायरीवर ऊन खात बसले होते.

"कुठं गेलतीस?" त्यांनी विचारलं.

शब्द जवळजवळ आबांचाच होता. दिवसेंदिवस त्यांचे शब्द बरोबर येत चालले होते.

७

फाल्गुनात धुकं संपलं. ऊस तुटून गेला, दोन्ही बाजूची रानं उघडी पडली, वाठारला हायवे लागेपर्यंतचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायला लागला. त्यावर कुणीही नव्हतं.

डॉक्टरांनी आता महिन्यातून एकदा दाखवायला सांगितलं होतं. विश्वजितची पाळी बदलली होती, तो न्यायला तयार होता, पण पूर्णिमानं ऐकलं नाही. मीच नेणार, म्हणाली. तो चालवेल कसा, हे तिला माहीत होतं. भरधाव.

पारगाव मागं पडलं. ऊन चांगलंच वर आलं होतं. तिनं टोक फिरवलं, मधली कडी फिरवली, हिरवं चिन्ह पेटलं. उन्हात त्या उजेडाचा काही उपयोग नव्हता, रस्त्यावर तो उमटतही नव्हता. तिनं पहिला गिअर सोडला नाही. गाडी माणसाच्या चालीनं सरकत राहिली, आणि ती समोरच्या रिकाम्या डांबरावरून नजर हलवत नव्हती. धुकं नव्हतं म्हणून आबा दिसत नव्हते, एवढंच. थकलेल्या माणसाला आता किती वेग असणार?

मागं टेम्पो आला, त्यानं हॉर्नवर हात ठेवला. मग एक जीप. मग दुधाची गाडी. "ओ ताई, झोप लागली काय!" कुणीतरी ओरडलं. तिनं वेग वाढवला नाही.

शेजारचा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत बसला होता. बराच वेळ त्यानं वाट बघितली. मग तिच्याकडं वळून तो हसला. आबा हसायचे तसाच, डाव्या गालानं.

"पोरी, गाडी पळव की," तो म्हणाला. "पुढं कोण न्हाय. रस्ता मोकळा हाय."

शब्द आबांचे होते. घोगरेपणा आबांचा होता, 'की'वरचा झटकाही आबांचाच. कितीतरी दिवसांनी तो आवाज असा ऐकल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जिवाला एवढं बरं वाटलं की तिनं काही ठरवायच्या आतच तिचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला.